नायक चाळिसाव्या पानावर

लुनिंग आसुन्सियॉनने हस्तलिखित टेबलावर ठेवलं, तेव्हा संपादक पर्ला दिमायुगा खोबऱ्याचा पाव खात होत्या. केझॉन सिटीतल्या या कचेरीतून महिन्याला बारा प्रेमकथा निघतात. प्रत्येकीची पानं एकशे अठ्ठावीस. नायक तिसऱ्या पानापर्यंत यायलाच हवा. लुनिंगने एकोणीस वर्षं हा नियम पाळला होता.

पर्लाबाईंनी पानं चाळली. "नायक कुठंय?"

"चाळिसाव्या पानावर."

"तोवर काय करतो, दाढी?"

लुनिंग हसली नाही.

पहिली चाळीस पानं नायिकेच्या मेलेल्या मैत्रिणीची होती. तिचं नाव फेलिसा. खरी फेलिसा तीन आठवड्यांपूर्वी गेली. ती शिवणकाम करायची. लुनिंगची प्रत्येक कथा आधी तीच वाचायची, आणि जे वाक्य खोटं वाटेल त्यावर कापडाच्या खडूने रेघ मारायची. त्या खडूची धूळ पर्लाबाईंच्या टेबलावर कित्येकदा सांडली होती.

"मला कळतंय गं," पर्लाबाई म्हणाल्या. "पण मैत्रीण असते ती 'जा, भेट त्याला' सांगायला. चार पानं ठेव. बाकीची काढ."

"नको."

"आणि ही चूक बघ, पान तीन. नायिका मयताला बसते आणि तिथून सरळ घरी जाते. वाटेत कुठं थांबत नाही. मयताहून न थांबता गेलं की मेलेलं माणूस मागोमाग घरी येतं, हे कुणाला ठाऊक नाही? वाचक पत्रं लिहून जीव खातील माझा. तिला बेकरीत थांबव, कॉफी पिऊ दे. तिथंच नायक भेटेल. सुटला प्रश्न."

सल्ला चांगला होता. लुनिंगलाही ते दिसत होतं.

"चूक नाही ती, ताई. मीही थांबले नाही."

दफनाआधी फेलिसाला रिवाजाप्रमाणे पाच दिवस तिच्या घरी ठेवलं होतं, लोक रोज येऊन बसायचे. पाचही दुपारी परतताना बाकीच्या बायका बेकरीपाशी उतरल्या. लुनिंग जीपनीत, त्या लांबट प्रवासी जीपमध्ये, बसून राहिली. घरी जाऊन तिने भात लावला. दार उघडं ठेवलं.

"मग? आली?"

"नाही."

पर्लाबाईंनी पाव कागदात गुंडाळला. बराच वेळ त्या तिसरं पान बघत राहिल्या.

"वरच्या साहेबांना मला हे पटवता येणार नाही, लुनिंग."

"मग छापू नका." बस चुकली हे सांगावं, तशा आवाजात ती म्हणाली.

"तोंड आवर. नियम काय म्हणतो? नायक तिसऱ्या पानावर यायला हवा. भेटायला हवा असं कुठं लिहिलंय? त्याला बेकरीत बसव. तिची जीपनी समोरून जाऊ दे. बसू दे मेल्याला सदतीस पानं."

"आणि फेलिसा?"

"राहू दे."

लुनिंगला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. तिने तिथेच चार ओळी लिहिल्या. बेकरी, कॉफी, खिडकीतला तरुण, त्याचे उदास डोळे, पुढे निघून जाणारी जीपनी.

मग तिने त्या वाचून पाहिल्या. डोळ्यांचं वाक्य खोटं होतं. तिने पर्लाबाईंची पेन्सिल उचलली आणि त्यावर रेघ मारली.