लाइट आल्यावर

१९८८ साली मांडवीच्या एका बर्फ कारखान्यात मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते आणि बर्फाची लादी फोडायच्या मशीनवर माझे वडील, आबा. त्या मशीनला नुकताच नवा कंट्रोलर बसला होता. प्रोग्राम पुण्याच्या कंपनीचा, बटणांचा पॅनल आमचा. दोघांचं एकमेकांशी कसं जुळायचं, त्याचे नियम कागदावर पक्के करायला कंपनीचे लिमये आले होते. आम्ही वरच्या ऑफिसात बसलो होतो, खाली मशीनची ट्रायल चालू होती.

मशीनच्या अवस्था तीन: चालू, बंद आणि दुरुस्ती. एकीतून दुसरीत कधी जायचं ते लिहिलेलं होतं. मी एका वाक्यावर अडले. 'वीज जाऊन परत आल्यास मशीन आधीच्या अवस्थेत जाईल.'

"म्हणजे चालू असेल तर आपोआप चालू होणार?"

"अर्थात! बटण दाबायला कोणी धावायला नको."

"आणि तेव्हा कोणाचा हात आत असला तर?"

"मॅडम, हात घालायचा तर आधी चावी दुरुस्तीवर फिरवायची. तसा नियमच आहे."

नियम छानच होता, पुण्यात बसून लिहिलेला. आमच्याकडे लाइट गेली की साफसफाई सुरू, ही रीत. जुना स्टार्टर लाइट गेली की पडायचा आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन काही उठायचं नाही. मग चावी फिरवतो कोण? आबांची उभी हयात त्या भरवशावर गेली होती.

हे सांगायला मी तोंड उघडलं आणि डोक्यावरचा पंखा थांबला. खालची घरघरही थांबली.

"आता बघा हं गंमत," लिमये खुशीत म्हणाले.

जिना कसा उतरले, मला आठवत नाही. आबांचा हात खांद्यापर्यंत मशीनच्या आत होता. दात्यांत अडकलेला बर्फ ते खरवडत होते.

"आबा, हात काढा!"

"लाइट गेलीय ना गो. मशीन काय पळतंय?"

मी त्यांना कमरेला धरून मागे खेचलं. दोघंही ओल्या फरशीवर आपटलो. आबा शिवी हासडणार, तोच दिवे लागले आणि मशीन आपसूक गरगरायला लागलं. त्यांच्या खांद्यावरचा पंचा आतच राहिला होता. त्याच्या चिंध्या बर्फाच्या चुऱ्याबरोबर टोपलीत पडू लागल्या.

आबा त्या चिंध्यांकडे बघत राहिले. "बटन कोनी दाबलान गो?"

जिन्यावर लिमये पांढरेफटक उभे होते.

वर जाऊन त्यांनी ते वाक्य खोडलं. 'वीज परत आल्यावर मशीन बंदच राहील. चालू होईल ते फक्त हिरव्या बटणाने.' अक्षर वेडंवाकडं आलं. मी सही केली.

"झालं एकदाचं," ते म्हणाले.

आणि पुन्हा लाइट गेली.

मी कठड्यावरून खाली पाहिलं. स्टुलावर बसलेले आबा उठले, खरवडणी उचलून मशीनपाशी गेले आणि त्यांनी हात आत घातला. मघाशी मरता मरता वाचलेला माणूस! मी इतक्या जोरात किंचाळले की खरवडणी त्यांच्या हातून पडली. स्वतःच्या हाताकडे ते परक्यासारखे बघू लागले.

"माजा मला कळला नाय, बाय," ते पुटपुटले.

कागद बदलला होता, मशीन तेच होतं. मी खाली जाऊन मेन स्विच पाडला, तिन्ही फ्यूज उपटले आणि पर्समध्ये टाकले.

"अहो, ट्रायल अर्धवट आहे!" लिमये म्हणाले.

"नवा प्रोग्राम आणा आणि फ्यूज घेऊन जा. तोवर बर्फ घणाने फुटेल."

संध्याकाळी जेवताना आबांनी भातासाठी ताट पुढे केलं, त्याच हाताने. मी डाव धरून त्या हाताकडे बघत बसले.

"वाढ ना गो," आबा म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.