भेटायला की न्यायला

"कागदावर फुली मारू नकोस," पलटणीत जाताना तिचा नवरा एझ्रा म्हणाला होता. "कुणी कितीही गोड बोलू दे. वाचून दाखवायला आपलं माणूस नसेल, तर हात पुढे करायचाच नाही."

म्हणून केझाया दोन्ही हात शालीच्या आत घट्ट धरून कोर्टात उभी होती. नऊ वर्षांची लिडी तिच्या झग्याला बिलगली होती. समोरच्या टेबलावर दौत होती, टाक होता, आणि कारकून एकामागून एक कागद पुढे सरकवत होता. पण केझायासमोर कागद कुणी धरलाच नाही. तिच्या फुलीची कुणाला गरजच नव्हती.

लेव्हिन हॅडवेसाहेबांनी बायबलवर हात ठेवला. दहा दिवसांपूर्वीपर्यंत ते तिचे धनी होते. या महिन्याच्या एक तारखेला मेरीलँडमधली गुलामी कायद्यानं संपली, चर्चमध्ये पहाटेपर्यंत गाणी झाली, आणि आज अकरा तारखेला साहेब शांतपणे सांगत होते की ही बाई आळशी आहे, हिचा ठावठिकाणा नाही, पोर पोसायची हिची ऐपत नाही. पोरीला काम शिकवून माणसात आणायला आपण तयार आहोत. त्यांचा आवाज चढला नाही. रविवारी जेवणाआधी प्रार्थना म्हणत, तसाच होता.

न्यायाधीशांनी पोरीच्या बापाबद्दल विचारलं. एझ्रा सरकारी फौजेच्या निळ्या गणवेशात व्हर्जिनियातल्या खंदकात बसला होता. पण त्याचं आणि केझायाचं लग्न झालं ते हॅडवेंच्या मळ्यावर, बारा माणसांच्या साक्षीनं, आणि ते कुठल्या वहीत नव्हतं. बाप नाही, असं कारकुनानं लिहिलं. मग तो पुढचं पुटपुटत लिहू लागला. "अनाथ. लिडिया. वय नऊ. अठरा वर्षं पुरी होईपर्यंत हॅडवेंच्या ताब्यात."

"मी आहे," केझाया म्हणाली.

कारकुनानं वर पाहिलं. कोण बोललं ते त्याला कळलं नसावं.

"मी तिची आई आहे, साहेब. ही इथं उभी आहे."

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. या कोर्टाचं नावच अनाथांचं कोर्ट आहे, बाई, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी पुढच्या पोराचं नाव पुकारलं. बाकावर अजून अकरा पोरं बसली होती. प्रत्येकाच्या मागं एकेक आई होती.

बाहेर चौकात कुणीतरी ढोल बडवत होतं. लिंकनसाहेब पुन्हा निवडून आले होते. तारेनं बातमी येऊन दोन दिवस झाले, तरी लोकांचा आनंद सरत नव्हता. त्या आवाजातच हॅडवेसाहेबांच्या माणसानं लिडीला गाडीत बसवलं. ती रडली नाही. गाडीच्या फळीवर दोन्ही हात ठेवून तिनं विचारलं, "आई, येशील ना?"

"येईन."

"भेटायला की न्यायला?"

केझायानं तिच्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला. गाठ सैल नव्हती, तरी पुन्हा बांधली.

"न्यायला," ती म्हणाली.

घोडा हलला. साहेब त्यांच्या बग्गीत चढत होते. केझाया लगबगीनं त्यांच्याजवळ गेली, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. ती म्हणाली, रविवारी पोरीला बघायला यावं म्हणते, साहेब, चिठ्ठी द्याल का? वीस वर्षं ती असंच म्हणत आली होती. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर धन्याच्या हातची चिठ्ठी हवी, नाहीतर रस्त्यावरचे पहारेकरी अडवायचे.

साहेबांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट त्यांचा चेहरा सैलावला. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, गुडघ्यावर कागद ठेवून चार ओळी खरडल्या आणि सही ठोकून कागद तिच्या हातावर ठेवला. उशीर करू नकोस, एवढंच म्हणाले.

बग्गी वळणाआड गेली, तेव्हा कुठे तिला कळलं की रस्त्यावर आता पहारेकरी नाहीत. एक तारखेपासून नाहीत. कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या झाल्या. चिठ्ठी चुरगाळायला तिनं मूठ वळली, पण लिहिलेला कागद फाडायची हिंमत तिच्या बोटांना नव्हती.

नेसकाका धक्क्याजवळ कालवं फोडत बसले होते. ते जन्मानंच मोकळे, वाचता येणारे, आणि त्यांच्या प्रार्थनामंडळाचे पुढारी. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पोर कुठंय असं विचारलंच नाही. पिंपावरचं फडकं बाजूला करून मक्याची भाकर पुढे केली.

"शुक्रवार आहे, काका," ती म्हणाली. एझ्रा पलटणीत गेल्यापासून शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत ती काही खात नसे.

"विसरलोच बघ." त्यांनी भाकर झाकून ठेवली. "आपलं नशीबच उलटं, केझी. तुमचा धनी दक्षिणेतल्या बंडखोरांना फितूर निघाला असता, तर लिंकनबाबानं तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच सोडवलं असतं. पण हा मेला सरकारशी इमानी. इमानी माणसाच्या वस्तूला हात कसा लावायचा?"

"लिंकनबाबांना नसेल का कळत?"

"कळतं गं. एका हातानं लढतोय, दुसऱ्या हातानं आपलं राज्य धरून ठेवलंय. गुलाम सोडले असते तर हेही राज्य बंडखोरांकडं गेलं असतं. त्या दुसऱ्या हाताखाली आपली माणसं होती, एवढंच." त्यांनी सुरी कालवात घातली. "आता तोही हात त्यानं काढलाय. आणि हे लोक बघ, लगेच आपला ठेवतायत."

केझायानं चिठ्ठी पुढे केली. कशी मागितली तेही सांगून टाकलं, लपवलं नाही. नेसकाका हसायला लागले. दहा दिवस झाले मोकळी होऊन आणि बाईसाहेबांनी धन्याकडून चिठ्ठी आणलीय, असं म्हणत त्यांनी हात पुसले, कागद लांब धरला आणि वाचायला लागले. हसू मध्येच थांबलं.

"वाचा की."

"केझाया, माझ्या घरची. कष्टाळू आणि प्रामाणिक बाई. माझ्याकडे असलेल्या स्वतःच्या मुलीला भेटायला येत आहे. रविवार संध्याकाळपर्यंत कुणी अडवू नये. लेव्हिन हॅडवे." खालची तारीखही त्यांनी वाचली. आजचीच होती.

वर्षानुवर्षं प्रत्येक चिठ्ठीत हेच शब्द असायचे, असं तिनं ऐकलं होतं.

"कोर्टात काय म्हणाला हा?"

"आळशी. ठावठिकाणा नाही."

"बायबलवर हात ठेवून?"

"हो."

"आणि तासाभरात स्वतःच्या हातानं हे." नेसकाकांनी कागदाची घडी घातली, मूळच्या रेघेवरच घातली. मग हळू आवाजात म्हणाले की बाल्टिमोरला लष्कराची कचेरी अशा तक्रारी ऐकते म्हणतात. ऐकते का, माहीत नाही. ऐकली तरी मानते का, तेही माहीत नाही. साहेब म्हणेल, सवयीनं लिहिलं. पण नुसत्या तोंडी सांगण्यापेक्षा कागद बरा, आणि हा त्याच्या हातचा आहे. आगबोट तीन वाजता सुटते. बोटीवरचा स्वयंपाकी आपल्याच मंडळातला.

केझायानं मळ्याच्या रस्त्याकडे पाहिलं. आज बोट धरली तर रविवारपर्यंत परत येणं शक्य नव्हतं. रविवारी लिडी कुंपणाशी उभी राहील. सकाळपासून राहील. तिकडे दार उघडं होतं. स्वयंपाकघरातली आपली जागा मागितली, तर साहेब नाही म्हणणार नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. पोरीच्या शेजारी निजायला मिळेल. पुढची नऊ वर्षं.

"काका, रविवारी मळ्यावर जाल?"

"जाईन."

"तिला सांगा, आई कामाला गेलीय."

"कुणाच्या, म्हणून विचारेल ती."

"तिच्याच, म्हणावं."

नेसकाकांनी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिनं ती चोळीच्या आत, उजव्या बाजूला ठेवली, शाल ओढून घेतली आणि उठली. आगबोटीचा धक्का तिथून पाव मैलसुद्धा नव्हता. वाटेत ढोलवाले भेटले. त्यांना जागा द्यायला ती कडेला झाली आणि ते पुढे गेल्यावर पुन्हा रस्त्याच्या मधोमध आली. पळावंसं वाटत होतं, पण पळणाऱ्या काळ्या बाईकडे लोक बघतात. ती चालत राहिली.