न फाटणारी केप

माझी मावशी सिनेमांचे कपडे शिवते. शाळा सोडल्यापासून मीही तिच्याकडेच आहे. एका उडणाऱ्या हिरोच्या सिनेमाच्या तिन्ही भागांतले त्याचे कपडे आमचेच. पहिल्या भागात तो लालभडक कपड्यांत चोरांना गुदगुल्या करायचा. दुसऱ्यात बायको मेली, कपडे करडे झाले. तिसऱ्यात सगळं काळंकुट्ट आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"या भागाच्या शेवटी व्हिलन हिरोच्या पाठीवरची केप टरकन फाडतो आणि लोक रडतात," दिग्दर्शकाने बजावलं होतं. "चुकलात तर काम बंद."

पण दुहेरी शिलाईशिवाय मावशीचा हातच चालत नाही. शूटिंगच्या दिवशी व्हिलनने केप ओढली, ती काही फाटेना. हिरोच मागे फरफटत गेला. अख्खा सेट खो खो हसला.

दिग्दर्शक मावशीच्या अंगावर धावला. माझं डोकं सटकलं. "हिरोला रडका तुम्ही केलात, आमच्या शिलाईने नाही!"

"गप बस गं," मावशी पुटपुटली.

"पोरगी बरोबर बोलतेय," हिरो जमिनीवरूनच म्हणाला. "पहिल्या भागानंतर आज लोक हसले. हे ठेवा."

दिग्दर्शकाने शॉट पुन्हा पाहिला आणि त्यालाही फिसकन हसू आलं. "ठेवतो. शिलाई अशीच राहू द्या, मावशी."

हिरोने कपडे झटकले. "मावशी, चड्डीलाही दुहेरीच आहे ना?"

"तिहेरी," मावशी म्हणाली.