साखरशाळेतला काळा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. आधी आष्टीच्या बाजारात एका चहाच्या टपरीवर होतो. मग एका बाजूने काळा रंग लागला आणि मी साखरशाळेचा फळा झालो. साखर कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्यांचा, म्हणजे झोपड्यांचा तळ. तिथल्या बाभळीला मला टांगलं. दिवाळीनंतर गावची शाळा सोडून आईबापांमागे आलेली मुलं माझ्यापुढे पोत्यावर बसायची.

सरस्वतीबाई शिकवायच्या. "उभी रेघ उसावाणी, आडवी रेघ उंबऱ्यावाणी," असं तालावर म्हणत अक्षरं काढून घ्यायच्या.

"बाई, आमच्या कोपीला उंबरा कुठं हाय?" आठ वर्षांच्या शिवकन्येनं विचारलं. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

शिवकन्या धाकट्या भावाला, सोमेश्वरला, मांडीवर घेऊन लिहायची. ज्या फडक्यानं त्याची लाळ पुसायची, त्याच फडक्यानं माझ्यावरचं चुकलेलं अक्षर. तिची आई कौशल्याबाई उसाच्या फडातून येताना चिडवायची, "लिव्हून मोळी हलकी व्हती का गं?" पण लेकीचं अक्षर बघायला डोक्यावरच्या भाऱ्यासकट थांबायची.

तिसऱ्या हंगामात मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना कौशल्याबाई पडली. कंबर धरली, उठता येईना. तोडणीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडी मोडली की मुकादम दुसरी बघतो. दुसऱ्याच दिवशी बापानं, बबनरावांनी, आईचा कोयता शिवकन्येच्या हातात दिला.

"बबनराव, तिची चौथीची परीक्षा आलीय. महिनाभर थांबा," बाई म्हणाल्या.

"मी थांबतो की बाई. मुकादम थांबतो का?" बोलताना त्यांची नजर जमिनीवर होती.

आठ दिवसांनी शिवकन्या आली. उसाच्या धारदार पाचटानं बोटं चिरलेली. बाईंनी खडू दिला. कोयता धरावा तशी तिची मूठ आवळली आणि खडू मोडला.

"ऱ्हाऊ द्या, बाई. याला बसवा माझ्या जागी." सोमेश्वरला पोत्यावर ठेवून ती फडाकडे पळाली.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी तरीही तिचं नाव पुकारलं.

"आक्का फडात गेली," सोमेश्वर म्हणाला.

मित्रांनो, माझा रंग उडालाय, कडा गंजल्यात. मला जपायचं राहू द्या. तुमच्या वर्गात एखादी जागा रिकामी दिसली, तर तिथं दप्तर ठेवू नका. त्या मुलीचं नाव घ्या आणि ती कुठं आहे, ते मोठ्यांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.