मागणी कोणी घालायची

आमच्या वर्गातल्या फळ्याचा डावा कोपरा खडू धरत नसे. पन्नास वर्षं होत आली, तरी तो कोपरा डोळ्यांसमोर आहे.

विद्यापीठात प्रगत अल्गोरिदम, म्हणजे प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याच्या रीती, शिकवणारे सर अवघड गणितही लग्नाच्या गोष्टीसारखं रंगवून सांगत. "एका बाजूने मागणी घालायची. दुसरीने आलेल्यांतलं बरं धरून ठेवायचं, बाकीच्यांना वाटेला लावायचं. शेवटी जोड्या अशा जमतात, की कोणी कोणाचा हात धरून पळत नाही."

त्या वर्षी प्रबंधाचे मार्गदर्शक याच रीतीने ठरणार होते. विद्यार्थी मागणी घालणार, प्राध्यापक निवडणार. पुढे संशोधन करायचं तर सरांच्याच विभागातल्या मॅडमच्या हाताखाली, हे मी केव्हाच मनाशी धरलं होतं. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला आम्ही चिमणी म्हणायचो. तिला हवे होते सर.

वाटपाआधीच्या तासाला सरांनी विचारलं, "यात फायदा कोणाचा?"

"तुमचा," चिमणी म्हणाली. "आम्ही दारोदार हिंडायचं, तुम्ही नाकं मुरडायची."

वर्ग हसला. मला राहवलं नाही. फळ्यापाशी जाऊन दोन विद्यार्थी, दोन प्राध्यापक मांडले आणि दाखवलं, की विचारणाऱ्याला मिळण्याजोगतं सगळ्यात चांगलं मिळतं. वाट पाहत बसणाऱ्याच्या पदरी सगळ्यात वाईट पडतं. मग कितीही माणसं घेतली तरी हेच होतं, हेही सिद्ध केलं. गालाला खडू लागला होता.

"वा गं वा!" सर म्हणाले. "म्हणजे आम्ही नुसतेच भाव खात बसलो होतो!"

दुसऱ्या दिवशी सूचना लागली : मागणी प्राध्यापक घालतील.

मॅडमनी चिमणीला मागितलं. सरांनी मला. आम्हा दोघींकडे दुसरं कोणी आलंच नाही.

आम्ही सरांकडे अदलाबदल मागायला गेलो. "तूच सिद्ध केलंस ना?" सर हसून म्हणाले. "मी खूश, मॅडम खूश. आता कशाला मोडायचं?"

बाहेर येताच चिमणी कडाडली, "गेली होतीस अक्कल पाजळायला! स्वतःबरोबर माझंही वाटोळं केलंस."

सरांच्या प्रोग्रॅमचे छापील ताव तपासण्यात माझं वर्ष गेलं. संशोधनाचं नाव काढलं, तर सर म्हणाले, "तुझा पिंड शिकवण्याचा." शिफारस दिली नाही. मी जन्मभर शाळेत त्रैराशिक शिकवलं.

मॅडम निवृत्त झाल्या, तेव्हा भेटायला गेले. त्या खोली आवरत होत्या.

"फळ्यावरची ती मुलगी ना तू? माझ्या पसंतीच्या यादीत तुझ्या मैत्रिणीच्या खालोखाल तुलाच लिहिलं होतं मी. दारात आली असतीस तर आनंदाने घेतलं असतं. मला वाटलं, तुला सरच हवे होते. तू कधी विचारलंच नाहीस गं."

मी पुस्तकांच्या खोक्याची दोरी आवळत राहिले.

"हळू," मॅडम म्हणाल्या, "खोका फाटेल."