फिनाईलने धुतलेली टाकी

मी एक जुनी टाकी आहे, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली. मित्रांनो, तुमच्या ताटातलं उष्टं, भाज्यांची देठं, नासलेला भात, सारं मी पोटात घेते. तिथे हवेला मज्जाव. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू ते कुजवतात, त्यातून गॅस होतो आणि नळीने शेगडीला जातो. उरलेलं पाणी बागेला. वर्षानुवर्षं हेच करून आता थकले आहे मी.

गवंड्याने मला बांधलं तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. स्वयंपाकाच्या काकू मात्र रोज बादली रिकामी करताना म्हणायच्या, "जेव बाई, तू जेवलीस की बाकीचे जेवतील." सुरुवातीला फार कौतुक झालं. पुढे माझ्या झाकणावर फडकी वाळू लागली.

एकदा पाहुणे यायचे होते. व्यवस्थापक म्हणाले, "काकू, टाकीचा वास येता कामा नये हं." काकूंनी मला अगदी भांड्यासारखं स्वच्छ करायचं ठरवलं. फिनाईलच्या बाटल्यांवर बाटल्या ओतल्या, वर साबणाचं कढत पाणी. पाहुणे खूश होऊन गेले. माझ्या पोटातले जिवाणू मात्र मेले आणि शेगडी विझली.

"फोडून टाकू," व्यवस्थापक म्हणाले.

"साहेब, उद्यापासून मुलांना सुट्टी आहे, ती संपेपर्यंत तरी थांबा," काकू म्हणाल्या. " माझ्याच हातून झालंय हे."

काकूंनी मला उपसलं, गोठ्यावरून ताजं शेण आणून कालवून घातलं आणि मग नवे जिवाणू वाढेपर्यंत मला उपाशी ठेवलं. जन्मभर दुसऱ्यांना जेवायला वाढत आलेल्या बाईला ते फार जड गेलं. रोज त्या काडी ओढायच्या, नळीपाशी धरायच्या आणि गॅस पेटत नाही हे पाहून आत जायच्या. मलाही वाटे, पुरे झालं आता.

सुट्टी संपली. मला फोडायला तोच गवंडी आला, आता म्हातारा झालेला. काकूंनी त्याला आधी चहा दिला. तो म्हणाला, "झकास झालाय. शेगडी तर बंद होती ना?"

"आज सकाळीच पेटली. जिला फोडायला आलात ना, तिच्यावरच केलाय."

त्याने कप विसळून पालथा घातला, घण खांद्यावर टाकला आणि तो घरी गेला.

मित्रांनो, मला चकचकीत करू नका. प्लास्टिक, साबण, औषधं माझ्या तोंडात घालू नका. भूक असेल तेवढंच द्या, पण रोज आठवणीने द्या. थकले आहे, तरी उद्याचा चहा होईल.