चार बोटं बाहेर

तिसरा स्क्रू निघाला तेव्हा त्याच्यासोबत डॅशबोर्डचा बिस्किटाएवढा तुकडाही निघाला. रूपेशने तो तळहातावर घेऊन पाहिला, मुकाट्याने खिशात टाकला आणि मान वळवली. गाडीचे मालक चंदर तांडेल दारातच वाकून उभे होते.

"तुटलं काय?"

"नाही काका. सुटं झालं."

वाणगाव स्टेशनच्या रस्त्यावर रूपेश अठरा वर्षं गाड्यांत गाण्यांचे सेट बसवून त्यांना आवाज देत होता. ट्रॅक्टर, टेम्पो, भाजीची पिकअप, कोणी मुकं परत गेलं नव्हतं. ही लाल, दोन दारांची, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार मात्र सकाळी नऊपासून त्याची परीक्षा बघत होती. तिची कंपनी कधीच बंद पडलेली. गाडी इतकी बुटकी की आत शिरायला आडवं व्हावं लागे आणि बाहेर यायला कोणीतरी ओढावं लागे. डहाणूच्या एका चिकूवाडीवाल्याने ती हौसेने घेतली होती आणि कंबर गेल्यावर विकली होती. चंदरकाकांनी स्वतःची मासेमारीची बोट विकली आणि त्याच महिन्यात ही घेतली. त्यांच्या वरोर गावातल्या लोकांना त्यावर जे बोलायचं होतं ते दोन वर्षांत बोलून झालं होतं.

काका गाडीला बोटच समजत. खारी हवा आत जाऊ नये म्हणून त्यांनी डॅशबोर्डच्या फटी कापूस आणि राळ कोंबून बुजवल्या होत्या. आतल्या वायरी जाळ्याच्या नायलॉन दोरीने बांधलेल्या होत्या. आणि सगळ्या काळ्या.

"काका, वायरींना रंग असतात. लाल, पिवळा. कशासाठी असतात?"

"आमच्या बोटीवर काळीच असायची. कधी अडलं नाही."

"गाठ कापतो ही."

"कापू नको. सुटते ती."

"अर्धा तास झाला."

"तुला सुटत नाही, असं म्हण."

दुकानाच्या सावलीत स्टुलावर शांतीकाकी बसल्या होत्या, पायाशी मासळीची रिकामी पाटी. नवा सेट त्यांनीच आणला होता, थेट वापीहून, मोठ्या पडद्याचा. खोका मांडीवर धरून त्या दर दहा मिनिटांनी एकच सूचना देत होत्या.

"रूपेश, पडद्यावरचं प्लास्टिक काढू नको हां."

"नाही काढत, काकी."

"चरा पडायला नको."

प्लास्टिकखाली पडद्यावरचं काही वाचता येणार नव्हतं. रूपेशने ते दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा काकींनी खोका थोडा घट्ट धरला.

"एवढी हौस कुठून आली, काकी?"

"हौस कसली. हे रोज सकाळी गाडी किनाऱ्यावर नेऊन, काचा लावून बसतात. काय करता विचारलं तर म्हणतात, बसतो. म्हटलं, बसायचंच तर गाणी तरी ऐका."

काकांनी हातातला रुमाल झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

"आणि स्वप्नं पडतात त्यांना हल्ली," काकी म्हणाल्या. "घरी येऊन सांगतात, आज लवकर जा, बोंबील येणार. आणि येतो."

अकराच्या सुमारास भोक पुरेसं मोठं झालं. रूपेशने सेट आत सरकवला. अर्धा गेला आणि थांबला. काढून पुन्हा सरकवला. चार बोटं बाहेर. दाबला, वळवला, त्याच्याशी दोन शब्द बोलला. चार बोटं बाहेरच. मग त्याने कोपरापर्यंत हात आत घातला आणि मागे एक चौकोनी पेटी चाचपली. पेटीला बटण होतं, आणि गुंडाळीची वायर असलेला, हातात धरून बोलायचा माईक.

तो गाडीतच उताणा पडून राहिला. काका खाली वाकले होते. त्यांचा चेहरा उलटा दिसत होता.

"काका, हा बोटीवरचा वायरलेस आहे."

"गाडीचाच आहे तो."

"गाडी कोणाला हाक मारते, काका? तारापूरच्या गाडीला?"

"हळू बोल," काका म्हणाले.

मग त्यांनी हळूच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी छातीत स्प्रिंग बसवली. दवाखान्यातून सुटल्यावर शांतीने त्यांना देवीसमोर नेलं आणि नारळावर हात ठेवायला लावला. बोटीवर पाय ठेवायचा नाही, बंदरावर जायचं नाही, समुद्राची चौकशीसुद्धा करायची नाही. बोट गावातल्याच चिमणने घेतली. वायरलेस तेवढा त्यांनी आदल्या दिवशी काढून ठेवला होता.

"चौकशी कुठे करतो मी? नुसतं ऐकतो. तिला कळलं तर गाडी उद्या जाईल. मग मी घरात बसून काय करू, बोंबील मोजू?"

"मग सेट कुठे बसवू? डोक्यावर?"

"तू अठरा वर्षं हेच करतोस ना?"

रूपेशच्या जिभेवर आलेलं काकींसमोर बोलण्यासारखं नव्हतं. पेटी डावीकडे लोटली तर हवेची नळी, उजवीकडे लोटली तर स्टिअरिंग. शेवटी त्याने ठरवलं, निदान आवाज तरी काढून दाखवू, बसवायचं नंतर बघू. काळ्या वायरींतल्या दोन काळ्या निवडून त्याने स्पीकरला जोडल्या.

"झालं काय?" काकी पाटी उचलून आल्याच. उत्तर मिळण्याआधी त्या डावीकडच्या सीटवर बसल्याही. काका स्टिअरिंगमागे बसले, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. रूपेशने खिडकीतून हात घालून चावी फिरवली.

प्लास्टिकखाली पडदा निळा झाला. स्पीकर खरखरला. मग चारी बाजूंनी एक माणूस ओरडू लागला.

"कुठली पापलेट रे! बोंबील आहे नुसता. सात टप भरलेत. भरतीला लागतो बंदराला..."

रूपेशने खाली न पडलेला स्क्रू शोधायला सुरुवात केली. काका स्टिअरिंगच्या मधोमध बघत होते, तिथे काही लिहिलेलं असावं तसं. बाहेरून रिक्षा गेली. माणूस ओरडतच होता.

"हा चिमण," काकी म्हणाल्या.

त्यांनी कान स्पीकरकडे नेला.

"खोटं बोलतो. सात टप म्हणे. तीन असतील."

काकांनी ओठ आवळले. मग त्यांचा हात स्टिअरिंगवरून सुटला.

"खोटं नाही. इंजिन ऐक मागे. जड चाललंय. भरलेली असली की ती अशीच धापते. सात काय, आठ असतील."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. ते पुन्हा स्टिअरिंगकडे बघू लागले.

काकींनी पदर खोचला, पाटी मांडीवर नीट घेतली.

"रूपेश, ह्याचा आवाज कुठून वाढतो?"

रूपेशने आत हात घालून बटण फिरवलं.

"भरती कितीला?" काकींनी समोर बघत विचारलं.

"साडेबाराला," काका अगदी हळू म्हणाले.

"मग चालवा. बंदराच्या अलीकडे सोडा मला. तुम्ही उतरायचं नाही."

रूपेशने घाईने सेटच्या वायरी सोडवल्या, कारण गाडी त्याच्यासाठी थांबेल असं दिसत नव्हतं. डॅशबोर्डला टिफिनएवढं भोक तसंच राहिलं. त्याने खिशातला तुकडा काढून पुढे केला. काकांनी तो कपाळाला लावला आणि समोर ठेवला.

"काकी, सेट राहिला!"

"खोक्यात घालून ठेव. शनिवारी नेते."

गाडी ओरडत वरोरच्या रस्त्याला लागली. रूपेशने सेट पुसला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाईक त्याने काही न बसवता खूश होऊन गेलं होतं, आणि त्याचा त्याला अतोनात राग आला होता. स्टुलावरचा खोका त्याने उघडला. थर्मोकोल जागच्या जागी होता, पिशव्यांच्या पिना सरळ करून एका पुडीत बांधलेल्या होत्या. तळाला वापीच्या दुकानाची पावती होती. तिच्या मागे दुकानदाराकडून पेनाने लिहून घेतलेलं होतं, खाली सही आणि शिक्का.

सात दिवसांत परत घेऊ. पडद्यावरचं प्लास्टिक काढलेलं नसावं.

रूपेशने तारीख पाहिली. शनिवार सातवा दिवस होता.